धुऱ्यावरच्या रानबोरापासून नव्या वाणापर्यंत: जीनोम अभ्यासाची पायरीवार वाट

विदर्भात बोराचं झाड कोणी मुद्दाम लावत नाही. ते धुऱ्यावर, पांदणीच्या कडेला, ई-क्लास जमिनीवर आणि झुडपी जंगलात आपसूक उगवतं. पाऊस दगा देवो की मुरूम उघडा पडो, हिवाळ्यात फळ धरतंच. उमराण, कडाका, मेहरून या लागवडीच्या वाणांना फळ मोठं आहे, पण फळमाशी आणि भुरी त्यांना सोडत नाही. रानबोरांत मात्र एखादं झाड असं निघतं, ज्याच्या फळात अळी क्वचितच सापडते. अशा झाडातला गुण नेमका जीनोमच्या (झाडाच्या संपूर्ण डीएनएच्या) कोणत्या भागात आहे हे शोधून तो मोठ्या फळाच्या वाणात आणायचा, हे या कामाचं उद्दिष्ट. कृषी महाविद्यालयं, वनस्पतिशास्त्राचे विभाग, कृषी विज्ञान केंद्रं आणि शेतकरी गट मिळून ते करू शकतात. सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं यंत्राने वाचणं, बाहेरून विकत मिळतं. झाडांची नीट नोंद मात्र विकत मिळत नाही आणि बहुतेक प्रकल्प तिथेच फसतात. म्हणून या लेखात यंत्रापेक्षा झाडाला जास्त जागा दिली आहे.

आधी कागद

खाजगी वावरातल्या धुऱ्यावरचं झाड असेल तर शेतकऱ्याची लेखी संमती घ्या. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवा आणि लोक जैवविविधता नोंदवहीत ते झाड आधीच आलंय का ते पाहा. जैविक विविधता कायदा 2002 चा आहे आणि 2023 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. राज्य जैवविविधता मंडळाचं कार्यालय नागपुरातच असल्याने शंका तिथे विचारून मोकळं व्हावं.

झुडपी जंगलाचं प्रकरण वेगळं. सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेली जमीन वनजमीनच मानायची, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे ‘ही तर गावची पडीक’ असं म्हणून फांद्या तोडू नका, वनविभागाची लेखी परवानगी काढा. मेळघाट, ताडोबा, बोर यांसारख्या व्याघ्र प्रकल्पांत वन्यजीव विभागाची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज हिवाळ्यातच टाका. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, नंतर इतरही अनेक गावांना मिळाले. अशा गावात ग्रामसभेपुढे विषय मांडल्याशिवाय पान तोडू नये.

पान किंवा डीएनए परदेशातल्या प्रयोगशाळेला पाठवायचा विचार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे आधी रीतसर अर्ज करावा लागतो. देशातच सिक्वेन्सिंग करून घेतलं तर ही कटकट टळते.

कोणतं बोर आहे ते आधी ठरवा

एकाच शिवारात तीन-चार जाती असतात आणि गावात सगळ्यांना बोरच म्हणतात. झिझिफस मॉरिशियाना म्हणजे नेहमीचं गावरान बोर. याचं झाड होतं आणि पान खालून पांढुरकं असतं. झिझिफस नम्युलारिया हे कमरेएवढं काटेरी झुडूप, पानं लहान, गोलसर आणि दोन्ही बाजूंनी लवदार. येरुणी म्हणजे झिझिफस इनोप्लिया. ती दुसऱ्या झाडांवर पसरत चढते, पान तळाशी तिरपं असतं आणि फळ पिकल्यावर काळं होतं. घोटबोर म्हणजे झिझिफस झायलोपायरस. त्याचं फळ टणक, खाण्याच्या कामाचं नाही. प्रत्येक झाडाची फुलाफळांसह फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि नमुना महाविद्यालयाच्या वनस्पती संग्रहात ठेवा. पाच वर्षांनी जातीबद्दल वाद झालाच, तर तो नमुनाच निकाल देईल.

झाडं निवडताना चार सापळे असतात.

पहिला फुटव्यांचा. नम्युलारिया मुळांतून फुटवे काढते, त्यामुळे पाच मीटरवरची दोन झुडपं एकच झाड असू शकतं. दोन नमुन्यांत किमान 30 मीटर अंतर ठेवा. दुसरा कलमी बागेचा. शेजारी उमराणची बाग असेल तर मधमाश्या तिचा पराग रानबोरावर आणतात आणि तिथलं ‘रानटी’ रोप संकरित निघतं. म्हणून सर्वात जवळची कलमी बाग किती दूर आहे ते प्रत्येक नोंदीत लिहा. तिसरा खुंटाचा, म्हणजे कलम ज्या रोपावर बांधतात त्याचा. जुन्या कलमी झाडाच्या बुंध्यातून खुंटाचे फुटवे येतात आणि माणूस उभ्या उभ्या हाताला येणारं पान तोडतो. ते पान खुंटाचं असतं. पान नेहमी कलमाच्या जोडाच्या वरूनच घ्या. चौथा सोयीचा. डांबरी सडकेलगतचीच झाडं घेतली तर सडकेने वाहून आणलेल्या बियांचाच अभ्यास होतो.

एका ठिकाणची 15 ते 20 झाडं आणि अशी आठ-दहा ठिकाणं घ्या. बुलढाणा-अकोल्याच्या कमी पावसाच्या पट्ट्यापासून गडचिरोलीच्या जास्त पावसापर्यंत ती पसरलेली असावीत. गुणाचा जीनोमशी संबंध शोधायचा तर 150 ते 200 झाडांखाली बेत करू नये.

पान गोळा करणं

बोर उन्हाळ्यात पान टाकतं आणि पहिल्या पावसानंतर कोवळी पालवी येते. जूनअखेर ते जुलै हा पानं घेण्याचा काळ. निबर झालेल्या पानात चिकट पदार्थ आणि टॅनिन जास्त असतं, तेच पुढे त्रास देतं. भुरी पडलेलं पान घेतलं तर बुरशीचा डीएनएसुद्धा वाचला जातो, म्हणून निरोगी पानं निवडा.

पाच-सहा कोवळी पानं ओल्या फडक्याने पुसा, चहागाळणीच्या कागदी पिशवीत घाला आणि ती पिशवी सिलिका जेल असलेल्या झिपच्या पिशवीत ठेवा. पानाच्या वजनाच्या दहापट सिलिका लागते. पान 24 तासांत कडकडीत वाळलं पाहिजे. दोन दिवसांनीही ते वाकत असेल तर सिलिका कमी पडली आहे आणि डीएनए तुटायला लागला आहे. पावसाळी हवेत सिलिका स्वतःच ओली होते. रंग बदलला की ओव्हनमध्ये 110 अंशांवर काही तास तापवून ती पुन्हा वापरा. पिशवीवर पेन्सिलीने क्रमांक लिहा, कारण मार्करची शाई स्पिरिट लागताच उडते.

नोंदवहीत असावं: क्रमांक, गाव, तालुका, जीपीएसचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, जमीन (काळी, मुरमाड की भरड), झाडाचा घेर, काटे, पाण्याचा स्रोत आणि गावकऱ्यांनी सांगितलेलं. ‘या झाडाची बोरं किडत नाहीत’ असं म्हणणारी म्हातारी माणसं हा सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित स्रोत आहे. त्यांचं नाव आणि म्हणणं संमतीनेच नोंदवा.

डीएनए काढणं: इथेच हात भरतो

बोराचं पान कुटलं की शेंबडासारखा चिकट द्रव सुटतो. ही बहुशर्करा डीएनएला चिकटून येते आणि पुढच्या एन्झाइमना काम करू देत नाही. बाजारातल्या किटचे स्तंभ (डीएनए गाळून घेणाऱ्या नळ्या) तिने तुंबतात. त्यामुळे सॉर्बिटॉलने धुऊन मग सीटॅब (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ) पद्धत वापरणंच फायद्याचं.

सॉर्बिटॉल द्रावण 100 मिलिलिटरसाठी: सॉर्बिटॉल 6.4 ग्रॅम, 1 मोलर ट्रिस (पीएच 8) 10 मिलिलिटर, 0.5 मोलर ईडीटीए 1 मिलिलिटर, पीव्हीपी-40 1 ग्रॅम.

सीटॅब द्रावण 100 मिलिलिटरसाठी: सीटॅब 2 ग्रॅम, मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड 8.2 ग्रॅम, 1 मोलर ट्रिस 10 मिलिलिटर, 0.5 मोलर ईडीटीए 4 मिलिलिटर, पीव्हीपी-40 2 ग्रॅम.

दोन्हींत बीटा-मरकॅप्टोइथेनॉल ऐनवेळी घाला, 10 मिलिलिटरला 100 मायक्रोलिटर. ते आणि क्लोरोफॉर्म धुराड्याखालीच (फ्यूम हूड) हाताळा, हातमोजे नायट्राइलचे घाला.

1. वाळलेलं 20 मिलिग्रॅम पान पोलादी मण्यांसह बारीक पूड करा. जाडी राहिली तर डीएनए कमी येतो.
2. 1 मिलिलिटर सॉर्बिटॉल द्रावण घालून हलवा, सेंट्रिफ्यूजमध्ये 5,000 जी वर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पट) 5 मिनिटं फिरवा, वरचं पाणी फेका. ते चिकट लागत असेल तोवर पुन्हा करा. बोराला दोन-तीन वेळा लागतंच.
3. गाळावर 65 अंशांचं गरम सीटॅब 700 मायक्रोलिटर घाला, 45 ते 60 मिनिटं त्याच तापमानाला ठेवा. दर 10 मिनिटांनी नळी हळू उलटी-सुलटी करा.
4. तेवढंच क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (24:1) घाला, 10 मिनिटं हळू उलटत राहा, 12,000 जी वर 10 मिनिटं फिरवा. वरचा थर घ्या. मधल्या पांढऱ्या सायीला टोक लागू देऊ नका, थोडं द्रावण सोडलेलं परवडतं.
5. आरएनए तोडणारं एन्झाइम आरएनएझ-ए (10 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर) 5 मायक्रोलिटर, 37 अंशांवर 30 मिनिटं. मग क्लोरोफॉर्मची पायरी पुन्हा करा.
6. द्रावणाच्या निम्मं 5 मोलर सोडियम क्लोराइड घाला, नंतर एकूणच्या दोन तृतीयांश आयसोप्रोपेनॉल. खोलीच्या तापमानाला 20 ते 30 मिनिटं ठेवा.
7. 12,000 जी वर 10 मिनिटं फिरवून गोळा बसवा. 70 टक्के इथेनॉलने दोनदा धुवा, 10 मिनिटं हवेत सुकवा, 50 मायक्रोलिटर टीई द्रावणात विरघळवा.

सहाव्या पायरीत रात्रभर उणे 20 अंशांवर ठेवण्याचा मोह होतो. बोरात तो टाळा. जास्त मिठात बहुशर्करा द्रावणात राहते आणि डीएनए खाली बसतो. गार करून जास्त वेळ ठेवलं की बहुशर्कराही सोबत बसते. गोळा पांढरा, तंतूसारखा असेल तर ठीक. पारदर्शक आणि जेलीसारखा असेल तर सॉर्बिटॉलने धुणं कमी पडलं. तपकिरी असेल तर पॉलिफिनॉलचं ऑक्सिडीकरण झालं, म्हणजे पीव्हीपी किंवा मरकॅप्टोइथेनॉल कमी पडलं किंवा जुनं झालं.

तपासताना प्रकाश शोषणाचं 260/280 (नॅनोमीटर) गुणोत्तर 1.8 ते 2.0 आणि 260/230 हे 1.8 च्या वर हवं. दुसरं गुणोत्तर पडलं की शर्करेचा दोष समजा. डीएनएचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रांपैकी नॅनोड्रॉप 200 दाखवतो आणि क्यूबिट 40, असं झालं तर क्यूबिटवर विश्वास ठेवा. शेवटी 0.8 टक्के अगारोज जेलवर पाहा. वर एक जाड पट्टी हवी. खाली ओघळ दिसला तर पान हळू वाळलं. खाचेतच चमक अडकली तर शर्करा उरली आहे.

गुणसूत्रं मोजल्याशिवाय पैसे खर्च करू नका

चिनी बोर म्हणजे झिझिफस जुजुबा द्विगुणित आहे, म्हणजे त्यात गुणसूत्रांचे दोन संच, एकूण 24 गुणसूत्रं असतात. आपलं मॉरिशियाना बहुतांशी चतुर्गुणित, म्हणजे चार संचांचं, 48 गुणसूत्रांचं. सातबाऱ्यावर चार वारस असावेत आणि वाचणाऱ्याने दोनच नावं वाचून फेरफार करावा, तसं चतुर्गुणित झाडाचा डेटा द्विगुणित समजून वाचल्यावर होतं. यातला फरक आकड्यांत पाहा. एखाद्या जागी चारपैकी एकाच प्रतीत वेगळं अक्षर असेल, तर 10 वेळा वाचूनही ते अजिबात न दिसण्याची शक्यता 0.75 चा दहावा घात, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या वर. 20 वेळा वाचलं तर ती 0.3 टक्क्यांवर येते. पण ते अक्षर एका प्रतीत आहे की दोन, हे खात्रीने सांगायला 50-60 वेळा वाचन लागतं. कंपनीने ‘10 एक्स (दहा वेळा वाचन) पुरे’ असं सांगितलं तर ती द्विगुणित पिकाच्या हिशोबाने बोलते आहे.

गुणसूत्र संख्येसाठी दोन वाटा. मुळाच्या टोकांवरची जुनी पद्धत: 0.002 मोलर 8-हायड्रॉक्सिक्विनोलीनमध्ये 3-4 तास, मग इथेनॉल-ॲसेटिक आम्ल 3:1 मध्ये 24 तास, 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात 60 अंशांवर 8-10 मिनिटं, ॲसिटोकार्मिनने रंगवून दाबायचं. वेळखाऊ, पण सूक्ष्मदर्शकावर भागते. झाडं जास्त असतील तर फ्लो सायटोमीटर, म्हणजे रंगवलेल्या केंद्रकांची चमक मोजणारं यंत्र. ताज्या कोवळ्या पानाचे तुकडे संदर्भ वनस्पतीच्या पानासोबत ब्लेडने चिरून केंद्रकं रंगवतात. इथे टोमॅटो हा नेहमीचा संदर्भ (दोन संचांचं वजन 1.96 पिकोग्रॅम) अडचणीचा ठरू शकतो, कारण जुजुबाच्या जीनोमच्या आकारावरून हिशोब केला तर चतुर्गुणित बोर 1.8 च्या आसपास येतं आणि दोन शिखरं एकमेकांवर चढतात. 2.50 पिकोग्रॅमचं सोयाबीन संदर्भ म्हणून घेतलं की ती वेगळी दिसतात. विदर्भात सोयाबीनची वानवा नाही, पण संदर्भासाठी मोजमाप झालेला प्रमाणित वाणच घ्यावा.

वाचन आणि विश्लेषण

जुजुबाच्या डोंगझाओ वाणाचा जीनोम 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे 438 दशलक्ष अक्षरांचा. 2016 मध्ये जुनझाओ वाणाचा आला. दोन्ही संदर्भ म्हणून खुले आहेत. पण जात वेगळी असल्याने आपल्या बोराचे काही तुकडे त्यावर बसतच नाहीत. किती टक्के तुकडे बसले ते प्रत्येक झाडासाठी पाहा. एखादं झाड बाकीच्यांपेक्षा खूप कमी बसलं तर नमुना बदलला किंवा जात चुकली, हे आधी तपासा.

200 झाडांचा पूर्ण जीनोम 60 वेळा वाचणं म्हणजे दर झाडामागे 26 अब्ज अक्षरं, ते परवडत नाही. व्यवहार्य वाट अशी: सगळ्या झाडांचं जीबीएस किंवा डीडीरॅड करा, यात कात्री एन्झाइमांनी कापलेले ठरावीक भागच खोलवर वाचले जातात. निवडक 10-15 झाडांचा पूर्ण जीनोम वाचा. पैसे असतील तर एका उत्तम झाडाचा नवा संदर्भ जीनोम लांब वाचनाने बांधा. त्यासाठी सिलिकातलं पान चालत नाही. फांदी एक-दोन दिवस अंधारात झाकून स्टार्च कमी करून, कोवळी पानं द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून न्यावी लागतात.

संगणकावर फास्टपीने साफसफाई, बीडब्ल्यूए-मेमने जुळवणी, मग फरक शोधायला जीएटीके किंवा फ्रीबेज. दोन्हींत गुणितता (संचांची संख्या) 2 धरलेली असते, ती हाताने 4 करावी लागते. हा एक आकडा बदलायचा राहिला तर प्रोग्राम कुरकुर न करता चुकीचं उत्तर देतो. प्रतींची संख्या ठरवायला अपडॉग आणि गुणाशी संबंध शोधायला जीडब्ल्यूएएस-पॉली ही बहुगुणित (दोनपेक्षा जास्त संचांच्या) झाडांसाठीच बनवलेली साधनं आहेत. मेळघाटातली झाडं लहान फळाची आणि शेतातली मोठ्या फळाची असतील, तर दोन्ही गटांतला प्रत्येक फरक फळाच्या आकाराशी जोडलेला दिसतो. गटरचना आणि नातेसंबंध गणितात धरले नाहीत तर हजारो खोटे निष्कर्ष हाती येतात.

झाडाचं मोजमाप

पाणवठ्याकाठचं झाड आणि मुरमावरचं झाड यांची फळं जागेवर तोलून काही कळत नाही. निवडलेल्या झाडांचे डोळे एकाच प्रकारच्या खुंटावर, एकाच प्रक्षेत्रात, किमान तीन-तीन रोपांवर भरा. खुंटासाठी गावरान बोराच्या बिया 17-18 टक्के मिठाच्या पाण्यात टाका, तरंगतील त्या फेका, बुडालेल्या धुऊन पेरा. बोराचं सोटमूळ लांब जातं आणि हलवलं की दुखतं, म्हणून रोप उंच पिशवीत किंवा थेट जागेवर वाढवा. जून ते सप्टेंबर डोळे भरण्याचा काळ.

प्रत्येक झाडाची 25 फळं: फळाचं आणि बियांचं वजन, रिफ्रॅक्टोमीटरने विद्राव्य घटक, 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने आम्लता, पिकण्याची तारीख, भुरीचं 0 ते 5 गुणांकन. तीन हंगाम लागतात, एकाने भागत नाही.

फळमाशी म्हणजे कार्पोमाया वेसुव्हियाना. हिच्याबाबत घाई नको. फळ लवकर किंवा उशिरा पिकल्यानेही झाड वाचतं. गर पातळ असेल तर अळीला खायलाच मिळत नाही. हे दोन्ही प्रतिकार नव्हेत. खरी परीक्षा अशी की हंगामात फळं जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून त्यात माश्या सोडायच्या, उमराणची फळं शेजारी ठेवायची आणि आठवड्याभरात अंड्यांचे डंख आणि जिवंत अळ्या वेगवेगळ्या मोजायच्या. डंख कमी असतील तर माशीला फळ आवडत नाही. डंख भरपूर आणि अळ्या मेलेल्या असतील तर गरातच काहीतरी आहे. दोन्हींची जनुकं वेगळी असू शकतात, म्हणून दोन रकाने ठेवा.

संकर

फूल चिमुकलं, पाकळ्या पाच, पुंकेसर पाच. काही झाडांची फुलं सकाळी उमलतात, काहींची दुपारी. पुंकेसर आधी फुटतात, कुक्षी (पराग झेलणारं स्त्रीकेसराचं टोक) नंतर तयार होते. सकाळच्या गटातलं झाड मादी घेतलं तर दुपारच्या गटाचा पराग वेळेला मिळतो का, याचा हिशोब आधी लावा. कळी फुटायच्या बेतात असताना सुईने पाचही पुंकेसर काढा, फांदीला मलमलची पिशवी बांधा. कुक्षी दुभंगून चकाकली की पराग लावून पुन्हा झाका. स्वतःच्या परागाने अनेक वाणांत फळ धरत नाही. संकरातही शेकड्याने फुलं हाताळली तेव्हा थोडी फळं मिळतात. सेब आणि काथा यांच्या संकरातून बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागवानी संस्थेने ‘थार सेविका’ काढली, म्हणजे हे काम होतं, फक्त चिकाटी लागते.

द्विगुणित आणि चतुर्गुणित झाडांचा संकर केला तर रोप त्रिगुणित होतं, बी पोचट राहतं किंवा झाड वांझ निघतं. गुणसूत्रं आधी मोजायची ती याचसाठी. असा संकर टाळता येत नसेल तर कोवळा भ्रूण काढून मुराशिगे-स्कूग माध्यमावर वाढवण्याची तयारी ठेवा.

रोपाला चार-पाच पानं आली की एका पानाचा डीएनए काढून बापाच्या खुणा (त्याच्या डीएनएतले ओळखीचे फरक) तपासा. ज्या रोपात त्या नाहीत ते स्वफलनाचं किंवा दुसऱ्याच्या परागाचं, ते लगेच वगळा. उरलेल्यांत प्रतिकाराशी जोडलेल्या खुणा पाहून निवड करा. निवडलेल्या रोपाचा डोळा मोठ्या, छाटलेल्या झाडाच्या नव्या फुटीवर भरला तर स्वमुळावरच्या रोपापेक्षा कितीतरी आधी फळ दिसतं. मात्र त्या झाडावरच्या खुंटाच्या फुटी दर पंधरवड्याला काढत राहा, नाहीतर फळ खुंटाचं आणि नोंद संकराची असा घोटाळा होतो.

निवडलेल्या मूळ झाडांची कलमं अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी आणि गावातल्या एका शेतात अशी दोन्हीकडे लावा. नोंदणीसाठी राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या अकोला केंद्राशी बोला. सिक्वेन्सचा डेटा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात जमा करता येतो. ज्या धुऱ्यावरचं झाड तसंच उपयोगाचं निघालं, त्याची नोंदणी 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याचा वाण म्हणून होऊ शकते. त्यासाठीचा अर्ज संकराच्या कामाची वाट न पाहता भरून टाका, आणि त्यावर नाव शेतकऱ्याचंच घाला.